यंत्रातील दूषीविष



या त्रैमासिकाच्या पानांवर आपण सहसा चिकित्सानुभव, द्रव्यविचार किंवा कायद्यातील नवे बदल यांविषयी वाचतो. प्रस्तुत विषय त्या पंक्तीत बसणारा नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. संगणकाच्या सुरक्षिततेविषयी वैद्याने काय लिहावे, असा प्रश्न काहींना पडेल. मलाही तो पडत होता. परंतु एका प्रसंगाने माझे मत बदलले. तो प्रसंग लपवून ठेवण्यापेक्षा समव्यवसायी बांधवांपुढे मांडणे हेच मला उचित वाटते.

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जेथे धुळे-सोलापूर महामार्गास मिळतो, त्या वडीगोद्री गावी माझा दवाखाना व लहानसे औषधी भांडार आहे. रुग्णनोंदी व बिले यांसाठी संगणक घेऊन बरीच वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत संगणक अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा आला होता. इंटरनेटचा वापर अकारण वाढला आहे, जरा पाहा, असे मी त्यास सहज म्हणालो. अर्ध्या तासाने त्याने मला हाक मारली आणि विचारले, “मामा, तुमचा हा संगणक रात्री दोन वाजता कोणाशी बोलतो?”

दवाखाना बंद असताना, आम्ही सर्व निद्रिस्त असताना, त्या यंत्रातील एक अज्ञात प्रोग्राम दर काही मिनिटांनी परदेशातील कोणत्या तरी पत्त्याशी संपर्क साधत होता. काही हजार रुपये वाचावेत म्हणून मी एक सॉफ्टवेअर विकत न घेता ‘क्रॅक’ केलेले वापरले होते. त्याच्याच पोटातून हा पाहुणा घरात आला होता. फाइलवरील तारखेनुसार त्याचा मुक्काम चौदा महिन्यांचा होता. मी लगेच पासवर्ड बदलू लागलो. भाचा म्हणाला, “मामा, पुढचं कुलूप बदलून काय होणार? मागचं दार त्याचंच आहे.”

पैशाचे नुकसान झाले नाही. मात्र त्या संगणकात अकरा वर्षांच्या रुग्णनोंदी होत्या. त्यांत वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी आलेली दांपत्ये होती, शुक्रदोषाने खचलेले तरुण होते, आणि “डॉक्टरसाहेब, हे घरी कळू देऊ नका” असे पदराआडून सांगणाऱ्या भगिनीही होत्या. त्यांपैकी काय गेले आणि काय राहिले, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या मनाला लागलेली टोचणी हीच आहे.

चोरदरवाजा म्हणजे काय?

संगणकशास्त्रात ज्यास ‘बॅकडोअर’ म्हणतात, त्यास आपल्या भाषेत चोरदरवाजा हा शब्द चपखल बसतो. नेहमीच्या प्रवेशद्वाराला, म्हणजे नाव व पासवर्ड यांना, वळसा घालून यंत्रात शिरण्याची ही गुप्त वाट होय. ती सर्व्हरवर उघडली गेली, की हल्लेखोर हजारो मैलांवर बसून त्या सर्व्हरला आज्ञा देऊ शकतो. फाइली पाहणे, त्यांची नक्कल करणे, त्यांत बदल करणे, कळफलकावर टंकलेले प्रत्येक अक्षर टिपणे, नवे प्रोग्राम बसवणे, एवढेच नव्हे तर आपल्याच यंत्राचा उपयोग करून तिसऱ्यावर हल्ला करणे, हे सर्व त्यास साधते.

प्रवेशाचे मार्ग मोजकेच आहेत. पत्रासोबत आलेली फसवी फाइल, चोरीचे सॉफ्टवेअर, दूरनियंत्रणासाठी उघडा ठेवलेला व दुबळ्या पासवर्डचा मार्ग, वेळेवर न केलेली सुरक्षा-सुधारणा, आणि ज्याच्यावर आपण विश्वास ठेवला त्या पुरवठादाराचेच दूषित झालेले यंत्र. आत शिरल्यावर हा प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप जागा होईल अशी व्यवस्था करतो आणि आपणहून बाहेरच्या नियंत्रकाशी संपर्क साधतो. बाहेरून येणाऱ्यास अडवण्यासाठी पहारा असतो, परंतु आतून बाहेर जाणाऱ्याची चौकशी बहुधा कोणी करीत नाही. म्हणूनच तो दीर्घकाळ अलक्षित राहतो.

हे वर्णन वाचताना वैद्यास दूषीविषाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात जे सांगितले आहे ते आपण सर्वांनी अभ्यासले आहे. हीनवीर्य झालेले विष तत्काळ प्राण घेत नाही. ते कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे देहात राहते आणि देश, काल, अन्न, दिवास्वाप यांचे निमित्त मिळताच धातूंना दूषित करते. उपमा फार ताणू नये, हे मी जाणतो. विषाला हेतू नसतो, आणि चोरदरवाजामागे मात्र हेतू असलेला मनुष्य असतो. तथापि एक बोध दोन्हींकडे समान आहे. लक्षणे नाहीत म्हणून विष नाही, असा निष्कर्ष काढणारा वैद्य फसतो.

पुण्यातील उदाहरण

महाराष्ट्रात या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. काही तासांच्या अवधीत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून, बनावट व्हिसा कार्डांच्या साहाय्याने, बारा हजारांहून अधिक व्यवहारांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांवरून २,८४९ व्यवहारांत सुमारे अडीच कोटी रुपये गेले. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय निरोपप्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख.

या चोरीची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. एटीएममधून पैसे मागितले गेले, की ती मागणी एका मधल्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते. खात्यात शिल्लक आहे काय, हे मुख्य प्रणाली पाहते आणि मग संमती देते. हल्लेखोरांनी मालवेअरद्वारे या मधल्या दुव्यावर ताबा मिळवला आणि तेथे आपला प्रतिरूप दुवा उभा केला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, तिची संमती मध्येच परस्पर दिली जात होती. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतील शिल्लक जशीच्या तशी दिसत राहिली. तिजोरी रिती होत होती आणि खतावणी मात्र निरोगी दिसत होती.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. परंतु प्रत्यक्ष पैसे काढणारे हात आपल्याकडचेही होते. कोल्हापुरातील एटीएममधूनही त्या दिवशी रकमा निघाल्या. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरवले.

ज्या दिवशी पैसे गेले तो दिवस रोगाच्या आरंभाचा नव्हता. षट्क्रियाकालाच्या परिभाषेत बोलायचे तर ती ‘भेद’ अवस्था होती. संचय, प्रकोप, प्रसर व स्थानसंश्रय हे त्याआधीच, कोणासही न कळत, घडून गेले होते. कारण प्रतिरूप दुवा काही त्या दुपारी एकाएकी उभा राहत नाही.

विश्वासाच्या वाटेने

दुसरे उदाहरण आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ते टर्मिनल चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची जगभरची संगणकव्यवस्था ‘नॉटपेट्या’ नामक मालवेअरने त्या दिवशी निकामी केली होती. पुढे या समूहास दहा दिवसांत सुमारे चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

हे विष आले कोठून? युक्रेनमधील ‘एम. ई. डॉक’ नावाच्या हिशेब व करविवरणाच्या सॉफ्टवेअरमधून. आपल्याकडे दुकानदार जसे जीएसटीसाठी सॉफ्टवेअर वापरतात, तशाच प्रकारचे ते होते. हल्लेखोरांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्याच सर्व्हरवर ताबा मिळवला आणि त्यांच्या अधिकृत सुधारणांमध्ये चोरदरवाजा मिसळला. ग्राहकांनी नेहमीप्रमाणे ‘अपडेट’ स्वीकारले आणि विष घरोघरी पोहोचले. पुढील तपासात आढळले, की असे दूषित अपडेट एप्रिल २०१७ पासूनच वितरित होत होते. तो चोरदरवाजा प्रत्येक संस्थेचा नोंदणी क्रमांक टिपून घेत असे. त्यामुळे आपण कोणाच्या घरात उभे आहोत, हे हल्लेखोरांस नेमके कळत होते.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा आरंभ अन्नपानरक्षेने होतो, हा योगायोग मानता येणार नाही. राजाला विष बहुधा शत्रूच्या बाणाने होत नाही, ते स्वयंपाकघरातून आणि परिचितांच्या हातून येते. म्हणून महानसावर विश्वासू, परीक्षा केलेली माणसे नेमावीत, वैद्याने स्वतः लक्ष ठेवावे आणि अन्नाची पारख करावी, असा उपदेश तेथे आहे. विषाचा सुगावा लागावा म्हणून चकोरादी पक्षी जवळ ठेवण्याचीही योजना आहे. विश्वास ठेवू नका, असे आचार्य सांगत नाहीत. विश्वास ठेवा, पण पारख सोडू नका, असे ते सांगतात.

‘आम्हा लहानांना कोण विचारतो?’

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे, पूर्वी मी स्वतःही तो घेत असे. बँकेत कोट्यवधी रुपये असतात, आमच्या संगणकात त्रिफळा गुग्गुळाची बिले, ती कोणास हवीत?

याची उत्तरे तीन आहेत. पहिले असे, की हल्लेखोर घरे निवडत बसत नाहीत. त्यांचे प्रोग्राम इंटरनेटवरील प्रत्येक दार आपोआप ढकलून पाहतात आणि जे उघडे सापडेल त्यात शिरतात. आपले यंत्र स्वतः मूल्यवान नसले, तरी दुसऱ्यावर हल्ला करण्याचे साधन म्हणून ते उपयोगी पडते, आणि तपास मात्र आपल्या पत्त्यावर येतो.

दुसरे, वैद्यकीय नोंदी मूल्यहीन नाहीत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. आत शिरलेल्यास सर्वत्र वावर करता आला, कारण जाळ्याचे योग्य विभाजन नव्हते, असेही त्या उत्तरात नमूद होते. देशातील अग्रगण्य रुग्णालयात अनेक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले.

तिसरे उत्तर औषधनिर्मात्या बांधवांसाठी. आपण चोरीचाच विचार करतो, फेरफाराचा करीत नाही. अनुसूची ‘टी’ नुसार प्रत्येक घाणीची निर्मितिनोंद ठेवणे आपणांस बंधनकारक आहे, आणि आता बहुतेक रसशाळांत ती संगणकावर असते. रसकल्पातील पारद, गंधक किंवा वत्सनाभ यांच्या प्रमाणातील दशांश चिन्ह जर एका घराने सरकले, तर काय होईल? कोणी असे केले आहे, असे माझे म्हणणे नाही. चोरदरवाजा असलेल्या यंत्रात असे करणे कोणालाही शक्य असते, एवढेच मी सांगत आहे. ज्या नोंदीवर आपण डोळे मिटून सही करतो, ती नोंद आपलीच आहे याची खात्री तेथे उरत नाही.

या सर्वांहून मोठा आहे तो धर्माचा प्रश्न. चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्यास दीक्षा देताना जी बंधने सांगितली, त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न नेण्याचे बंधन आहे. ते बंधन केवळ जिव्हेपुरते नाही. वैद्याची वही, कपाट आणि आता संगणक, हे सर्व त्यात येते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु कायद्याच्या भयाने जे करावयाचे, ते आपल्या शास्त्राने कर्तव्य म्हणून फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

निदानपरिवर्जन आणि शोधन

मग पुन्हा कागदाकडे वळावे काय? काही ज्येष्ठांचे तसे मत आहे आणि मी त्याचा आदर करतो. परंतु कागदाला वाळवी लागते, पावसाळ्यात तो भिजतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा केसपेपर हवा तेव्हा सापडत नाही. द्रव्य त्याज्य नसते, त्याचा अयोग्य योग त्याज्य असतो. यंत्र वापरावे, पण पथ्याने वापरावे. माझ्या अनुभवातून व जाणकारांना विचारून जे पथ्य मी स्वीकारले, ते येथे देतो.

प्रथम निदानपरिवर्जन. चोरीचे सॉफ्टवेअर दवाखान्यात व भांडारात मुळीच नको. विकत घेणे परवडत नसेल, तर कायदेशीररीत्या मोफत मिळणारे पर्याय आहेत. जुन्या प्रणालींवर विसंबू नये. विंडोज ७ च्या सुरक्षा-सुधारणा जानेवारी २०२० मध्ये थांबल्या आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

दुसरे, दूरनियंत्रण. बिलाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करणारा मुलगा तालुक्याच्या गावी बसून आपला संगणक चालवतो. सोय उत्तम आहे. परंतु तो मार्ग अहोरात्र उघडा नसावा. दुरुस्तीपुरता उघडावा, आपण समोर बसावे आणि काम संपताच बंद करावा. सर्व ग्राहकांसाठी एकच पासवर्ड ठेवणारा पुरवठादार सज्जन असेलही, पण सुरक्षित नाही.

तिसरे, नोंदींची प्रत. आठवड्यातून एकदा सर्व माहिती वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण जे मूळ फाइलीस बाधते तेच तिलाही बाधते. रुग्णनोंदींचा संगणक आणि मुलांच्या खेळांचा, चित्रपटांचा संगणक एक असू नये.

चौथे, बाधा झालीच तर शमनावर भागवू नये. शमनाने दबलेले दोष पुन्हा उचल खातात, शोधनाने निघालेले तसे येत नाहीत, हा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. विषाणूरोधक प्रोग्रामने एक फाइल पकडली, म्हणून यंत्र शुद्ध झाले असे होत नाही, कारण तिने दुसरे दार आधीच उघडून ठेवलेले असू शकते. जाळ्यापासून यंत्र तोडावे, जाणकाराकडून तपासून घ्यावे, सर्व पुसून नव्याने प्रणाली बसवावी आणि मगच, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, सर्व पासवर्ड बदलावेत. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेस द्यावी, असे तिचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. लाजेपोटी लपवू नये. मी काही महिने लपवले, ती माझी चूक होती.

संघटनेस विनंती

आपल्या संघटनेत सर्व सदस्यांसाठी सामाईक रुग्णनोंदणी-सॉफ्टवेअर असावे, अशी चर्चा सुरू आहे. कल्पना स्तुत्य आहे. संशोधनास लागणारी आकडेवारी त्यातून उभी राहील आणि लहान गावातील वैद्याचा खर्चही वाचेल. माझा तिला विरोध नाही. परंतु शेकडो दवाखान्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर गेल्या, की एका चोरदरवाज्याने शेकडो घरे उघडतात, याचा विचार खर्चाच्या अंदाजपत्रकाआधी व्हावा.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी. पुरवठादार निवडताना ‘किंमत किती’ या प्रश्नाआधी चार प्रश्न लेखी विचारावेत. सर्व्हर कोठे आहे आणि त्यात कोणकोण शिरू शकते? कोण केव्हा शिरले याची नोंद किती दिवस ठेवली जाते आणि ती कोण वाचते? त्रयस्थ तज्ज्ञाकडून सुरक्षा-तपासणी शेवटची केव्हा झाली? आणि बाधा झाल्यास सदस्यांना किती तासांत कळवले जाईल? या चारांची लेखी उत्तरे जो देणार नाही, त्याच्या हाती आपल्या रुग्णांची गुह्ये देऊ नयेत. वच्छनाग विकत घेताना आपण व्यापाऱ्याचा शब्द पुरेसा मानत नाही. येथेही मानू नये.

शेवटी एक आश्वासक घटना सांगून थांबतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नामक संगणकतज्ज्ञास असे दिसले, की दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्याने कारण शोधले, तेव्हा जगभरातील सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या ‘एक्सझेड’ नामक एका लहान घटकात चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे निष्ठावान सहकाऱ्याचे सोंग घेऊन विश्वास संपादन केला होता. ते विष सर्वदूर पसरण्यापूर्वीच पकडले गेले, ते एका माणसाने अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न केल्यामुळे.

नाडीतील किंचित फरक टिपणाऱ्या आपल्या परंपरेस ही वृत्ती नवी नाही. ती रुग्णापुरती न ठेवता, रुग्णाचे गुपित सांभाळणाऱ्या यंत्रापर्यंत न्यावी, एवढेच मागणे. माझ्या दवाखान्यातील संगणक आता रात्री बंद असतो. सकाळी तो सुरू करताना मी क्षणभर थांबतो आणि पाहतो, की काल होता तसाच आहे ना.